बंद पडलेला प्लग



वैशाखातली दुपार. जळगावात पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला, आणि नेमके त्याच वेळी कूलरचे बटन दाबले तर पाते हलत नाही. मग आपण काय करतो? प्लगवर एक चापटी मारतो, पिन जरा तिरकी करून बघतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर ‘मेला हा प्लग’ म्हणून मोकळे होतो. पण मेलेला प्लग बहुधा मेलेला नसतो. त्याचेच आज बोलावयाचे आहे.

तापीकाठच्या एका शाळेत मी पाहिलेली गोष्ट सांगतो. जुनी इमारत, लाकडी पट्टीवरची वायरिंग. एका वर्गातला टीव्ही लागेना. गुरुजींनी टेस्टर लावला, तो लख्ख पेटला. ‘करंट तर आहे, म्हणजे टीव्हीच बिघडला,’ असे ठरून टीव्ही शहरात दुरुस्तीला गेला आणि धडधाकट परत आला! मधल्या काळात शिपाईदादांनी ‘बंदच आहे’ म्हणून तो बोर्ड ओल्या फडक्याने पुसला आणि जोराचा झटका खाल्ला. नशीब म्हणून पायांत रबरी चप्पल होती.

दोष कुठे होता? विजेला जायला जशी वाट लागते तशी परतायलाही लागते. जाणारी तार ती फेज, परतणारी ती न्यूट्रल. शेजारच्या खोलीतल्या बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन तार सुटली होती. जुन्या घरांत एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डाला तार नेलेली असते, त्यामुळे दुखणे एका खोलीत आणि लंगडणे दुसऱ्या खोलीत, असे होते. फेज शाबूत म्हणून टेस्टर पेटत होता.

आणखी एक खूण होती, ती कुणी पाहिली नाही. तीन भोकांचा प्लग आपल्यासमोर धरला तर वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे. त्या दिवशी टेस्टर डाव्या भोकातही पेटत होता. वर्गातल्या दिव्याचे बटन चालूच राहिले होते; दिवा लागत नाही म्हणजे तो उडाला, असा समज. फेज त्या दिव्यातून उतरून तुटक्या न्यूट्रलपाशी येऊन थांबली होती. दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, की बहुतेक वेळा न्यूट्रल तुटली असे समजावे.

तेव्हा आधी घरातले इतर दिवे पाहा. मग कूलर दुसऱ्या, चांगल्या प्लगला लावून पाहा, आणि चालता टेबल-लॅम्प या प्लगला. निम्मा तपास इथेच संपतो. नव्या जोडणीत मीटरजवळ गळती ओळखणारे स्विच असते. ते पडले असेल तर सगळी उपकरणे काढून ते एकदा वर करावे आणि एकेक उपकरण लावत जावे. ज्याने ते पुन्हा पडेल ते उपकरण बाजूला ठेवावे. काहीच लावलेले नसताना पडले तर गळती वायरिंगमध्ये आहे. स्विचला दोरी बांधून वर धरून ठेवणारे महाभागही मी पाहिले आहेत!

जुन्या घरांत किटकॅट फ्यूज असतात, आणि कित्येक ठिकाणी न्यूट्रललाही एक. १९५६ च्या वीज नियमांतच न्यूट्रलमध्ये सुटा फ्यूज घालण्यास मनाई होती. तरी ते भिंतीवर आहेतच. तो उडाला की घरात अंधार, पण फेज जागी. किटकॅट काढण्याआधी मेन बंद करावा, आणि काढलेला किटकॅट खिशात ठेवावा, म्हणजे आपण बोर्डाशी असताना दुसरा कुणी तो बसवणार नाही. मेन बंद असला तरी मीटरकडून येणाऱ्या तारा जिवंतच असतात. त्यांच्याकडे हात नेऊ नये.

बोर्ड उघडणे मात्र परवानाधारक वायरमनचे काम. धाब्याच्या घरात पावसाळ्यात पाणी झिरपून बोर्डामागे उतरते, लाकडाला वाळवी लागते, ॲल्युमिनियमची तार स्क्रूखाली दबून सैल होते. प्लगभोवती तपकिरी डाग किंवा जळका वास असेल तर तो वायरमनला आधीच सांगावा.

आता कूलरकडे वळू, कारण जीव जातो तो तिथे. पत्र्याची पेटी, आत पाणी, खाली ओली फरशी. फेज पत्र्याला लागली तर अर्थिंगने ती जमिनीत न्यावी आणि फ्यूज उडावा, अशी योजना. पण आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्याचा विरोध २० ओहम झाला असे धरा. २३० व्होल्टला २० ने भागा: साडेअकरा अँपिअर. १५ अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलणार नाही, आणि पत्रा मात्र जिवंत राहील. फ्यूजच्या जागी जाड तार पिळली असेल तर बोलायलाच नको. म्हणून ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारे स्विच बसवून घ्यावे. गुरुजनांनी हा भागाकार सातवीच्या फळ्यावर जरूर करून दाखवावा.

कूलरमध्ये पाणी भरताना पिन प्लगमधून काढलेली असावी. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही. जुन्या जोडणीत ते बटन कधी कधी न्यूट्रलवर बसवलेले निघते. आणि कूलरची बादली भरलीच आहे, तर एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यातही ओतावी.