जुना पीसी सुरूच होत नाही?

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. एवढ्यावरून जुना डेस्कटॉप भंगारात काढू नका. प्लग काढून बाजूचं झाकण उघडा. पहिला संशय रॅमवर घ्यावा. खिट्ट्या उघडून पट्टी काढा, तिच्या कडेचे सोनेरी पट्टे खोडरबरानं हलकेच पुसा, कण झटका आणि खिट्ट्या खटकन बसेपर्यंत पट्टी परत दाबा. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं. तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला. २००० नंतरच्या काही वर्षांतला बोर्ड असेल, तर कपॅसिटर निरखून पाहा. सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे त्या काळातले पुष्कळ फुगले. पॉवर सप्लायचा डबा मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो.