‘फॉरमॅट मारा’ या सल्ल्याआधी

विंडोजवर चालणारा संगणक वारंवार बंद पडू लागला की पहिला सल्ला बहुधा ‘फॉरमॅट मारा’ हाच मिळतो आणि निळा पडदा म्हणजेच बिघाड, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः तो पडदा, जो विंडोज ११च्या अलीकडील आवृत्तीत काळा झाला आहे, हा बिघाड नव्हे. हार्डवेअर आणि मेमरी सांभाळणाऱ्या कर्नेल या मध्यवर्ती भागात सावरता न येणारी चूक घडल्यावर माहितीची अधिक हानी होऊ नये म्हणून प्रणाली स्वतःहून थांबते, त्याची ती खूण असते. दोष रॅमच्या पट्टीत असेल तर कोऱ्या विंडोजवरही तोच पडदा परत येतो, म्हणून पडद्यावरील स्टॉप कोड लिहून घेणे आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवणे आधी आवश्यक ठरते. मात्र ही चाचणी एकदा निर्दोष आली म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही, कारण अधूनमधून उद्भवणारा दोष तिच्या हातून निसटू शकतो.

सर्वाधिक गैरसमज सिस्टिम फाइल चेकर, म्हणजेच ‘एसएफसी’, या साधनाविषयी आढळतो. दूषित फाइली सापडल्या, परंतु काही दुरुस्त करता आल्या नाहीत, असा संदेश त्याने दिला की उपाय संपले असे मानले जाते. हे साधन बिघडलेल्या फाइलच्या जागी चांगली प्रत बसवते आणि ती प्रत संगणकातीलच ‘विनएसएक्सएस’ या कोठारातून घेते. कोठारच नासले असेल तर दुरुस्ती होणार कशी? अशा वेळी ‘डिझम’ या दुसऱ्या साधनाने, सामान्यतः विंडोज अपडेटकडून शुद्ध फाइली मागवून, आधी कोठार दुरुस्त करावे लागते आणि मगच एसएफसी पुन्हा चालवावे लागते. डिझमचा आकडा ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ खिळून राहिल्याचे पाहून अनेक जण खिडकी बंद करतात, परंतु तेवढ्यावरून काम अडकले असा निष्कर्ष निघत नाही.

विंडोज सुरूच होत नसेल तर रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट, म्हणजे दुरुस्तीसाठी राखलेली छोटी स्वतंत्र प्रणाली, उपयोगी पडते. तेथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात आणि नेहमीचा ‘सी’ तेथे ‘डी’ म्हणून दिसू शकतो, त्यामुळे विंडोजचा फोल्डर कोठे आहे हे पाहिल्याशिवाय आज्ञा देणे व्यर्थ ठरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक ठप्प झाले, तेव्हा फॉरमॅटची गरज नव्हती. सेफ मोडमध्ये किंवा याच प्रणालीत जाऊन एक सदोष फाइल पुसणे पुरेसे होते. खरी अडचण बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कवर आली, कारण त्यांसाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागत होती.

सिस्टिम रिस्टोर म्हणजे बॅकअप, हीही चुकीची समजूत आहे. ते प्रणालीच्या फाइली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री मागील स्थितीत नेते, पुसलेला दस्तऐवज परत आणत नाही. ‘चेकडिस्क’ हा तर निरुपद्रवी उपाय समजला जातो, परंतु त्याचा ‘आर’ पर्याय डिस्कचा प्रत्येक भाग वाचत असल्याने मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तोच शेवटचा भार ठरू शकतो. डिस्कमधून खरखर ऐकू येत असेल तर महत्त्वाच्या फाइली बाहेर काढून घेईपर्यंत तो चालवू नये.