पातुरातल्या खोलीसाठी व्हॉल्व्हचा माइक

नवरात्र जवळ आलं की वऱ्हाडातल्या पातूरच्या रेणुकामातेच्या टेकडीकडं जसे भाविकांचे पाय वळतात, तसे गाणाऱ्यांचे डोळे मोबाइलवरच्या माइकच्या जाहिरातींकडं वळतात. यंदा देवीचं गाणं आपल्या आवाजात, आपल्याच घरी रेकॉर्ड करायचं असतं. लॅपटॉप, छोटा ऑडिओ इंटरफेस आणि माइक एवढ्या सामानावर ते आता शक्यही आहे. मग कुणीतरी सांगतं, ‘ट्यूबवाला घे, आवाज गोड येतो.’ चांगल्या ट्यूब माइकची किंमत पन्नास हजारांच्या आसपास निघते, नावाजलेल्या कंपनीचा असला तर त्याहून बरीच जास्त. मंडळाच्या वर्गणीतून किंवा सोयाबीनच्या पैशातून एवढी रक्कम बाजूला काढण्याआधी हा गोडवा नेमका येतो कुठून, ते समजून घेतलं पाहिजे.

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्हच. कंडेन्सर माइकच्या जाळीमागं सोन्याचा मुलामा दिलेला, काही मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा असतो आणि त्याच्या पाठीशी धातूची चकती. पडदा आणि चकती मिळून होते ती कॅप्सूल. आवाजानं पडदा थरथरला की दोघांतलं अंतर बदलतं आणि तेवढाच विजेचा दाबही. पण हा सिग्नल इतका अशक्त असतो की थोड्याशा वायरीतही तो टिकत नाही. म्हणून कॅप्सूलला अगदी लागून एक जोडणारा भाग लागतो, जो हा सिग्नल लांब केबलमधून जाण्याजोगा करून देतो. बर्लिनच्या न्यूमन कंपनीनं १९२८ मध्ये सीएमव्ही ३ हा माइक विकायला काढला, तेव्हा या कामासाठी व्हॉल्व्हशिवाय दुसरं काही नव्हतंच. पुढं १९४९ चा यू ४७, व्हिएन्नाच्या एकेजीचा १९५३ चा सी १२ आणि १९६० चा यू ६७ हे आज दंतकथा झालेले माइकही व्हॉल्व्हचेच. १९६७ मध्ये न्यूमनचाच यू ८७ ट्रान्झिस्टरवर आला. व्हॉल्व्ह गोड म्हणून निवडला गेला नव्हता. पर्याय नव्हता म्हणून तो होता, आणि त्याच्याभोवती अतिशय काळजीनं बनवलेली कॅप्सूल, उत्तम ट्रान्सफॉर्मर आणि मोठमोठे स्टुडिओ होते.

नीट बांधलेल्या माइकमधला व्हॉल्व्ह नेहमीच्या गाण्यात आवाजाला फारसा रंग देत नाही. फार जोर पडला तर तो मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला सूर किंचित मिसळतो, आणि तो कानाला सुखावतो. परिणाम खरा आहे, पण आवाज तेवढा जोरात आत गेला तरच तो जाणवतो. गाडगे महाराजांचं मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं ८ नोव्हेंबर १९५६ चं कीर्तन आजही ऐकायला मिळतं. त्या काळचं ध्वनिमुद्रण व्हॉल्व्हवरच चाले. ते ऐकताना आपल्याला धरून ठेवतो तो बाबांचा आवाज आणि समोरच्या माणसांना प्रश्न विचारत बोलतं करण्याची त्यांची हातोटी. यंत्रातल्या काचेच्या नळीकडं लक्षही जात नाही.

स्वस्त ट्यूब माइकचं खरं दुखणं व्हॉल्व्हमध्ये नसतं, कॅप्सूलमध्ये असतं, आणि ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. यू ६७ आणि यू ८७ मधली कॅप्सूल उंच पट्टीच्या ध्वनिलहरी मुळातच वाढवून देते. न्यूमननं आतल्या सर्किटमध्ये ती वाढ मोजून-मापून खाली आणली होती. पुढं त्याच घडणीच्या कॅप्सूल स्वस्तात बनू लागल्या आणि बऱ्याच कंपन्यांनी त्यांना साधं, सपाट सर्किट जोडलं. वाढ तशीच राहिली. दुकानात हेडफोन लावून पहिलं मिनिटभर ऐकलं तर हा माइक फार ‘स्वच्छ’ वाटतो. घरी आणून चार गाणी रेकॉर्ड केली की ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतात, ‘चमचा’मधला ‘च’ ठिणगीसारखा उडतो, आणि शेजारी टाळ किंवा खंजिरी वाजत असेल तर ऐकवत नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरी साऱ्या विदर्भाच्या हातात दिली. आपल्या भजनात तिच्या चकत्यांचा खणखणाट असणारच. अशा संगीताला आधीच उजळ असलेला माइक लावणं मला अजिबात पटत नाही. जाहिरातीत ‘के ६७ पद्धतीची कॅप्सूल’, म्हणजे याच घडणीची, असं दिसलं तर थांबावं आणि उंच लहरी सर्किटमध्ये खाली आणल्या आहेत का, ते विचारावं. उत्तर मिळालं नाही तर पुढं जावं. यू ४७ च्या वळणाची कॅप्सूल त्या मानानं शांत असते.

माइक निवडण्याआधी कंठ ओळखावा. खंजिरी भजन काळी चार-पाचमध्ये, पूर्ण ताकदीनं गातात. त्या आवाजात धार मुळातच असते. त्याला शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला साधा डायनॅमिक माइकसुद्धा शोभतो, आणि तो एका शेतमजुरालाही हप्त्यानं परवडेल अशा किमतीत मिळतो. डायनॅमिकला कमी समजणाऱ्यांनी आठवावं की मायकल जॅक्सननं १९८२ चा ‘थ्रिलर’ शुअरच्या एसएम ७ या डायनॅमिक माइकवर गायला. याउलट गझल. सुरेश भटांच्या अमरावतीत आणि भीमराव पांचाळे यांच्या वाटेनं जाणाऱ्या गायकांत शब्द तोलून, हळू आवाजात, श्वासासकट म्हणण्याची रीत आहे. तिथं मोठ्या पडद्याचा कंडेन्सर हवाच, आणि हातात पैसा असेल तर व्हॉल्व्हचा घेण्यात अर्थ आहे.

पण पैसा असला तरी खोली आधी. पातूरची लेणी ज्यांनी पाहिलीत त्यांनी आत एकदा टाळी वाजवून बघितली असेल. दगड आवाज परत फेकतो. आपल्या सिमेंटच्या दहा बाय दहाच्या खोलीतही तेच होतं, फक्त अंतर कमी असल्यानं वेगळा प्रतिध्वनी ऐकू येत नाही, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. कंडेन्सर माइक जितका संवेदनशील, तितका तो हा डबाही टिपतो. वऱ्हाडात यावर उपाय घरोघरी आहे: कापसाची गादी. चांगली जाड, भरगच्च गादी मधल्या आणि उंच लहरी छान शोषते. ती माइकच्या मागं टांगण्यापेक्षा गाणाऱ्याच्या पाठीशी उभी करावी, भिंतीपासून वीतभर सोडून. कारण आपले माइक समोरून ऐकतात, आणि गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्यांच्या तोंडात जातो. दोन बाजूंना आणखी दोन गाद्या, खाली सतरंजी. कूलर आणि पंखा बंद. पत्र्याचं छत असेल तर पावसात काम नाही. माइक तोंडापासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर, कारण ‘भ’ आणि ‘फ’चा झोत आपल्या भाषेत पावलोपावली आहे.

व्हॉल्व्हच्या माइकला वेगळा पॉवर सप्लाय लागतो. इंटरफेसवरचे ४८ व्होल्ट त्याला चालवत नाहीत. परदेशातून मागवलेल्या सप्लायच्या मागं ११५ आणि २३० व्होल्टचं बटण असतं. ते २३० वर आहे ना, हे पाहिल्याशिवाय पिन खोचू नये. आत शंभराहून जास्त व्होल्ट फिरतात, म्हणून माइक आणि सप्लाय जोडणारी केबल चालू असताना काढायची नाही. घराला खरं अर्थिंग नसेल तर ५० हर्ट्झची घरघर प्रत्येक गाण्यात बसेल, आणि साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर ती आणखी किचकट होते. अर्थिंग करून घ्यायला येणारा खर्च माइकच्या खर्चातच धरावा. रेकॉर्डिंगच्या आधी वीस मिनिटं माइक तापू द्यावा. आषाढ-श्रावणात पडद्याला दमट हवा लागली की कडकड आवाज येतो, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा.

आता नावं. रोडचा एनटीके हा एकाच दिशेनं ऐकणारा, ६९२२ व्हॉल्व्हचा माइक. स्वतःचा आवाज फक्त १२ डेसिबल, बांधणी भक्कम, पण वळण थोडं उजळ. त्याचाच मोठा भाऊ के २, दिशा बदलता येणारा. वॉर्म ऑडिओचा डब्ल्यूए-४७ हा यू ४७ च्या वळणाचा आणि भरदार. माझं मत त्याच्याकडं झुकतं, पण किंमत एनटीकेपेक्षा बरीच वर. बेहरिंगरचा टी-४७ सगळ्यांत स्वस्त. त्या पैशात मी त्याऐवजी रोडचा एनटी १ घेईन. तो ट्रान्झिस्टरचा आहे, त्याचा स्वतःचा आवाज चार-पाच डेसिबलच आहे आणि त्याला वेगळा सप्लाय लागत नाही. तसंही पातूरच्या शांत रात्रीतली खोली या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त आवाज करते, त्यामुळं एनटीकेचे १२ की के २ चे १० यावर झोप उडवू नये.

शक्य असेल तर नागपूर किंवा पुण्याहून दोन-तीन माइक एका दिवसासाठी भाड्यानं आणावेत. एकाच खोलीत, एकाच अंतरावरून, तीच ओळ गावी, आणि ती ओळ ‘स’, ‘श’, ‘च’, ‘भ’ यांनी भरलेली असावी. फाइलींना एक, दोन, तीन असे आकडे दुसऱ्या कुणीतरी द्यावेत, आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणता माइक कुठला ते न विचारता मोबाइलच्या स्पीकरवर आणि हेडफोनवर ऐकावं. श्रोते तुमचं गाणं मोबाइलवरच ऐकणार आहेत. भाड्याचे हजार-दोन हजार यात गेले तरी चालतील. चुकीच्या माइकवरचे पन्नास हजार मंडळाला परवडत नाहीत, आणि जुना घ्यायचाच झाला तर सप्लाय आणि मूळ केबल सोबत असल्याशिवाय पैसे काढून देऊ नयेत.