हिमवाटा (लेखांक ५) : उन्हातला बर्फ

मागच्या लेखांकात जानेवारी २०१७ मधल्या गुरेझच्या हिमस्खलनाबद्दल लिहिलं होतं. काश्मीरच्या सीमेवर त्या बर्फाखाली गेलेल्या जवानांत आपल्या अकोला जिल्ह्यातलेही होते. ते स्खलन ऐन हिवाळ्यातलं, ताज्या बर्फाचा भार जुन्या थरांना न पेलल्यामुळे झालेलं. आज एप्रिल-मेमधल्या बर्फाबद्दल, कारण परीक्षा आटोपल्या की अमरावती-अकोल्याची पोरं हिमाचल-उत्तराखंडच्या ट्रेकला निघतात.

वऱ्हाडात उन्हाला कसं जपायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिकडे गेल्यावर मात्र लख्ख ऊन दिसलं की आपण निर्धास्त होतो, आणि या दिवसांत नेमका उन्हाचाच धोका असतो.

दिवसा वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपतं. रात्री आभाळ निरभ्र असेल तर ते पुन्हा गोठतं आणि पहाटे बर्फ टणक होतो. तोच चालण्याचा काळ. सूर्य वर आला की बर्फाच्या कणांना धरून ठेवणारे गोठलेले सांधे सुटू लागतात. झिरपलेलं पाणी आतल्या एखाद्या कडक थरावर किंवा खालच्या गुळगुळीत कातळावर साचतं आणि वरचा ओला बर्फ घसरतो. कोरड्या बर्फापेक्षा त्याचा वेग कमी, पण वजन प्रचंड. थांबला की घट्ट बसतो. पूर्वेकडचे उतार सकाळीच तापतात, पश्चिमेकडचे दुपारनंतर. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती ढगाळ रात्रीनंतरच्या सकाळची. ढगांमुळे उष्णता बाहेर पडत नाही, बर्फ नीट गोठत नाही, आणि पहाटे निघूनही उपयोग होत नाही.

बहुतेक मोठी स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. अशा उतारावर बूट घोट्याच्या वर रुतू लागला किंवा बर्फाचे गोळे आपोआप घरंगळताना दिसले, तर मागे फिरायचं. शिखर समोर दिसत असलं तरी. आणि अशा उताराच्या पायथ्याशी डबा उघडून बसायचं नाही.

सियाचीनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी बर्फाखाली जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. एरवी पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. इतक्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही. गाडलेल्याला शोधणारा ट्रान्सीव्हर, टोचून पाहायची लांब काठी आणि फावडं सोबत्यांच्याच पाठीवर असावं लागतं.

डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते निघण्याआधी पाहा. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला विचारा: बर्फाचा उतार किती वाजेपर्यंत पार करणार? रात्र ढगाळ गेली तर काय करणार? फावडं कुणाकडे असेल? सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर त्या गटासोबत जाऊ नका.