पाण्यावर थंड होणारी पेल्टियर चाचणीयंत्रे

पेल्टियर मॉड्यूल उष्णता नाहीशी करत नाही. एका बाजूची उचलून दुसऱ्या बाजूला टाकते. त्याने स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही त्याच गरम बाजूला साचते. इलेक्ट्रॉनिक भाग गारठवून-तापवून तपासणाऱ्या यंत्रांत ही सगळी उष्णता तांब्याच्या ब्लॉकमधून फिरणारे पाणी वाहून नेते.

२०० वॅट उष्णतेला मिनिटाला एक लिटर पाणी पुरते आणि ते तीन अंशही तापत नाही. पण पाणी तुटून ब्लॉक कोरडा पडला, तर २०० ग्रॅम तांबे सेकंदाला सुमारे अडीच अंशांनी चढते. बऱ्याच मॉड्यूलमधले बिस्मथ-कथिलाचे सोल्डर १३८ अंशांना वितळते. म्हणजे हाती उरते जेमतेम पाऊण मिनिट.

त्यात नियंत्रकच घात करतो. गरम बाजू चढली की थंड बाजूही वर सरकते. ती खाली आणायला नियंत्रक करंट वाढवतो, आणि ठरावीक मर्यादेपुढचा करंट नुसती उष्णता ओततो. म्हणून संरक्षण प्रोग्रॅमवर सोडू नये. मॉड्यूलला लागून, ब्लॉकवरच, ६०-७० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट बसवावा आणि तो फ्लो स्विचसोबत सिरीजमध्ये कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जोडावा. वायर तुटली तरी सप्लाय बंदच पडतो. ट्रिपनंतर हाताने रिसेट केल्याशिवाय तो परत येता कामा नये.

चाचणीची प्लेट तापवताना करंट उलटा होतो; तेव्हा ब्लॉक गार राहतो आणि प्लेट तापते. तिला वेगळा कटआउट लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

वीज गेल्यावरचा धोका वेगळा. यंत्र यूपीएसवर आणि पंप साध्या लाइनवर असेल, तर पाणी थांबते, करंट चालूच राहतो. पंपाचा इंटरलॉक इथे अनिवार्य आहे.

बोअरच्या जड पाण्याने ब्लॉकच्या बारीक वाटांत क्षार बसतात. प्रवाह दिसतो, उष्णता मात्र पाण्यात उतरत नाही. फ्लो स्विचला हे कळत नाही, थर्मोस्टॅटला कळते. क्षारांमुळे फ्लो स्विचची पाती ‘चालू’ स्थितीत अडकूही शकते. त्यामुळे डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचे बंद चक्र, गाळणी आणि ठरलेल्या अंतराने एक तपासणी हवीच: कमी करंटवर यंत्र चालवून व्हॉल्व्ह बंद करायचा आणि कॉन्टॅक्टर पडतो का, ते पाहायचे.