दाढ सुजली की गोळीवर थांबू नका

दाढ ठणकली की आपल्याकडे मेडिकलवरून गोळी येते. ठणका थांबतो, रोजी बुडत नाही, म्हणून दाढ तशीच राहते. "दातांचा डॉक्टर परवडत नाही," हे आम्ही वस्तीत घरोघरी ऐकतो. पण कीड नसेपर्यंत गेली की मुळाशी पू धरतो. गोळीने सूज उतरली तरी मूळ दुखणे आतच राहते. पू काढून दाढ काढणे किंवा रूट कॅनल करणे, हाच खरा इलाज.

सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, ताप चढला, तर सकाळची वाट पाहू नका. श्वास अडकून जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करा, मोठ्या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा.

एरवी सकाळी लवकर केसपेपर काढा. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला पालिकेचे नायर दंत रुग्णालय. नागपूर, छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे खर्च खासगीपेक्षा बराच कमी. राज्याच्या आरोग्य विभागाच्या जिल्हा रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पैसे कमी पडले तर रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

तोवर कोमट मीठपाण्याने गुळण्या करा. दाढेत तंबाखू, मिश्री भरू नका, सूज शेकू नका, सुईने फोडू नका. मधुमेह असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.