मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पथ्याचा प्रश्न

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव आपल्या महाविद्यालयातील फारच थोड्या जणांच्या कानावरून गेले असेल. मधुमेह, क्षय, कावीळ यांची जशी घरोघर ओळख असते तशी या आजाराची नाही. तरीही जगात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे, असे २०२० च्या जागतिक पाहणीत नमूद झाले आहे. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान तो माणसाला गाठतो, आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट असते. भारतात तो पाश्चात्त्य देशांहून कमी आढळतो. मात्र मुंबईच्या पारशी समाजात इतरांपेक्षा जास्त आढळतो, हे तेथील मेंदूविकारतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे.

आपल्या मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे मेदाचे आवरण असते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन, तसेच ते समजावे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा शत्रू सोडून या आवरणावरच चालून जाते. मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत कधी उशिरा पोहोचतो, कधी पोहोचतच नाही. डोळ्यांपुढे अंधारी येणे, पाय जड होणे, मुंग्या, तोल जाणे आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही त्याची लक्षणे. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने १८६८ मध्ये या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले. आज हल्ले कमी करणारी चांगली औषधे आहेत. पण रोग मुळापासून बरा करणारे औषध नाही. आणि जेथे औषधाचे हात अपुरे पडतात तेथे पथ्य, चूर्ण आणि डबाबंद पूरके हटकून शिरतात.

माझ्या आत्याच्या सुनेला हा आजार आहे. मी तिला वहिनी म्हणते. आमच्या नात्यागोत्यात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच, त्यामुळे तिच्या तपासण्यांचे कागद आणि औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर माझ्याकडे येतो. मागल्या वर्षी एका गृहस्थाने तिला एक महागडी पावडर दिली आणि वर सांगितले की, हिचा गुण येईपर्यंत इंजेक्शन बंद ठेवा. वहिनी थांबायच्या बेतात होती. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचायचा मी सपाटा लावला. इंजेक्शन चालू राहिले हे येथेच सांगून टाकते, म्हणजे वाचकांना हुरहूर नको.

माझा विषय भूगोल. म्हणून मला सर्वांत रस वाटला तो रॉय स्वँक या डॉक्टरच्या हकिकतीत. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉन्ट्रियलला असताना त्याचे लक्ष नॉर्वेकडे गेले. तेथे देशाच्या आतल्या भागातील शेतकरी वस्तीत हा रोग जास्त, आणि किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीत कमी. देश एक, लोक एक. मग फरक कशाचा? आतल्या भागात लोणी, दूध, चीज भरपूर, तर किनाऱ्यावर मासळी. १९५२ मध्ये ही पाहणी प्रसिद्ध झाली. त्याआधीच स्वँकने आपल्या रोग्यांना संपृक्त मेद अगदी कमी असलेला आहार सुरू केला होता, आणि जोडीला कॉड माशाच्या यकृताचे तेल. एक-दोन वर्षे नव्हे, तब्बल ३४ वर्षे त्याने १४४ रोग्यांची नोंद ठेवली. दिवसाला २० ग्रॅमच्या आत मेद ठेवणारे रोगी फारसे खालावले नाहीत, पथ्य मोडणारे मात्र झपाट्याने खालावले, असा त्याचा निष्कर्ष १९९० मध्ये छापून आला.

एवढी चिकाटी पाहून कोणीही भारावून जाईल. परंतु येथे एक मेख आहे. तुलनेसाठी नेहमीचा आहार घेणारा दुसरा गट त्याने चिठ्ठ्या टाकून निवडलाच नव्हता. ज्याची तब्येत मुळात बरी तोच पथ्य नेटाने पाळू शकतो, आणि जो अंथरुणाला खिळला तो म्हणतो की आता कसले पथ्य! म्हणजे पथ्याने प्रकृती सावरली, की सावरलेल्या प्रकृतीने पथ्य निभावले, याचा उलगडा या आकड्यांतून होत नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या लोकांनी लोणी कमी खाल्ले म्हणून ते वाचले, की मासळी जास्त खाल्ली म्हणून?

हा मासळीचा धागा पुढे महत्त्वाचा ठरला. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा हा रोग वाढत जातो, असे जगाच्या नकाशावर सामान्यतः दिसते. दूर म्हणजे ऊन कमी, ऊन कमी म्हणजे कातडीत तयार होणारे ‘ड’ जीवनसत्त्व कमी. आणि तेलकट मासळीत तर ते भरपूर! अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्ताच्या अभ्यासात २००६ मध्ये असे आढळले की, गोऱ्या सैनिकांपैकी ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांना पुढे हा रोग कमी झाला. मात्र रोग टाळणे वेगळे आणि झालेला रोग आवरणे वेगळे. नेहमीच्या औषधाच्या जोडीला मोठी मात्रा देऊन पाहिलेल्या अमेरिकेतील चाचणीत (२०२३) हल्ले कमी झाले नाहीत. याउलट फ्रान्समध्ये, नुकताच पहिला झटका आलेल्या व अन्य औषध सुरू न केलेल्या रोग्यांना दर पंधरवड्याला एक लाख युनिट दिले, तेव्हा दोन वर्षांत रोगाची हालचाल ६० टक्के लोकांत दिसली. ज्यांना नुसती फसवी गोळी दिली त्यांच्यात ७४ टक्के. हे २०२५ चे वृत्त. फरक मुख्यतः मेंदूच्या एमआरआय चित्रांत होता. म्हणजे प्रश्न अजून खुला आहे. तोवर रक्त तपासून कमतरता असेल तर ती भरून काढावी, हे शहाणपणाचे. आपल्याकडे एवढे ऊन असूनही ती अनेकांत असते. मनाने मात्र हे जीवनसत्त्व गिळू नये, कारण अति झाले की रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो.

माशाच्या तेलाचे काय? नॉर्वेतच ९२ रोग्यांवर चाचणी झाली (२०१२) आणि रोगावर त्याचा परिणाम दिसला नाही. स्वँकने ज्या देशाकडे पाहून विचार मांडला, त्या देशानेच त्याचा एक धागा तोडला म्हणायचा.

बायोटिनची गोष्ट याहून बोलकी. हे ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्व रोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरते. रोग्यांना ते दिले ३०० मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार पट. २०१६ च्या लहान चाचणीत १०३ पैकी १३ जण सुधारले आणि सगळीकडे आशेची लाट उसळली. मग ६४२ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये तिचा निकाल आला : बायोटिन घेणाऱ्यांत १२ टक्के, फसव्या गोळीवर ९ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्यातून हे जीवनसत्त्व जास्त प्रमाणात घेतले तर थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्तचाचण्या चुकीच्या येतात. वहिनीच्या पावडरीच्या डब्यावर मी आधी हेच नाव शोधले, आणि ते होते.

अमेरिकेतील टेरी वॉल्स या डॉक्टरबाई स्वतः याच रोगाच्या रुग्ण. त्यांनी धान्ये, कडधान्ये, दूध, अंडी वर्ज्य करून मांस आणि रोज नऊ कप भाज्या-फळे असा आहार मांडला. हा आहार आणि स्वँकचा आहार यांची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही गटांचा थकवा कमी झालेला दिसला. हे खरे असले तरी भाकरी आणि वरण वजा केल्यावर आमच्या घराच्या ताटात उरते काय, हा प्रश्न मला पडला. मांस आणि भाज्यांचा खर्च तर सोडाच.

कोणताही एकच आहार या रोगाला रोखतो असे आज म्हणता येत नाही. आहाराचे काम जास्त जमिनीवरचे आहे. या रोगात मलावरोध फार. त्यावर भाज्या, कोंड्यासकट पीठ, भिजवलेली कडधान्ये आणि पुरेसे पाणी उपयोगी. पण मूत्राशयावर ताबा राहत नाही म्हणून रुग्ण पाणीच पिणे सोडतात, विशेषतः स्त्रिया, आणि मलावरोध व मूत्रमार्गाचा संसर्ग दोन्ही ओढवून घेतात. हल्ला आला की स्टिरॉइड देतात, चालणे कमी होते, हाडे ठिसूळ होतात. तेथे नाचणी, तीळ, दूध, ताक यांना अर्थ आहे. हालचाल कमी झाल्याने वजन वाढते आणि दुबळ्या पायांना ते जड होते. पुढे काहींना गिळताना ठसका लागतो. त्यांना पातळ पाणी सर्वांत अवघड जाते, घट्ट पेज सोपी. आणि शाकाहारी घरात ‘बी-१२’ जरूर तपासावे. त्याच्या अभावानेही पाय बधिर होतात, तोल जातो, आणि एका रोगामागे दुसरा लपून राहतो.

वहिनीचे ‘बी-१२’ खरोखरच कमी निघाले. त्याची इंजेक्शने मूळ औषधाशेजारी चालू आहेत. पाण्यासाठी तिने घड्याळ लावून घेतले आहे : सकाळपासून दुपारपर्यंत दर तासाला एक फुलपात्र, आणि संध्याकाळी सातनंतर अगदी थोडे.